मिरवणुकीपुरती चाकं

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला आमची पिकअप लालबागजवळच्या वळणावर उलटली. गाडी माझा भाऊ रोशन चालवत होता. मागे मासळी आणि बर्फ होता. गाडीची चाकं दोन दिवस आधी मास्तरांनी बसवली होती. त्यांना ती बसवायला मी सांगितलं होतं.

यातली पहिली चार वाक्यं आमच्या मच्छीमार नगरात सगळ्यांना माहीत होती. पाचवं रोशनला, मास्तरांना आणि मला, एवढ्यांनाच ठाऊक आहे असं मी चार वर्षं समजत होते.

मास्तरांनी कुठल्या शाळेत कधी शिकवलं नव्हतं. परळला एका बंद गिरणीच्या भिंतीला लागून त्यांचं टायरचं दुकान होतं. त्यांचे वडील त्याच गिरणीत कामाला होते आणि मागच्याच चाळीत मास्तरांचा जन्म झाला होता. मासळीच्या पिकअप चालवणारे सगळे त्यांना मास्तर म्हणत, कारण समजावून सांगितल्याशिवाय ते कुणाच्या गाडीला हात लावत नसत. त्यांची दुसरी सवय आणखी त्रासाची होती. गाडी ओढते, थरथरते, ब्रेकला वाकडी जाते, अशी तक्रार घेऊन कुणी रिकामी गाडी आणली की ते स्टुलावरून उठतही नसत. "भरून आण," म्हणत. "रिकामी असताना सगळ्याच गाड्या शहाण्या असतात." मग तो बिचारा धक्क्यावरून माल भरून परत येई. मास्तर गाडीखाली शिरून स्प्रिंगचे पाटे किती दबलेत, टायर आणि मडगार्ड यांच्यात किती बोटं जागा उरली आहे ते बघत. वरून बर्फाचं पाणी त्यांच्या सदऱ्यावर गळत असे. शेजारचा झेरॉक्सवाला नाकाला रुमाल लावून ओरडायचा, "मास्तर, दुकान टायरचं की बोंबलाचं?" आतूनच उत्तर यायचं, "तुझ्याकडे गिऱ्हाईक येतं ते वासानेच येतं रे!"

माझी आणि त्यांची ओळख रोशनमुळे झाली. मी दादरच्या एका ग्रंथालयात काम करते. वडील गेल्यावर गाडीची कागदपत्रं माझ्या नावावर आली, म्हणून एकदा सही करायला दुकानात गेले होते. मास्तरांनी मला विचारलं, "तुम्ही एवढी पुस्तकं वाचता, टायर कधी वाचलाय?" मी हसले. त्यांनी खरोखरच एक टायर पुढे ओढला आणि त्याच्या कडेवरचा एकेक आकडा बोटाने दाखवत मला वाचायला लावला. रुंदी, उंची, किती वजन पेलेल, कुठल्या आठवड्यात बनला. "सगळं लिहिलेलं असतं, ताई. पण लोक डिझाइन बघतात." तेव्हापासून दादरहून घरी परतताना मी कधीकधी परळला उतरून त्यांच्या दुकानात दहा मिनिटं बसू लागले. ते फार बोलत नसत, मीही बोलत नसे. कपातला चहा मात्र दोघं सावकाश पीत असू.

त्या काळात पिकअपला रुंद, चकचकीत अलॉय रिम लावायचं वेड आमच्या तरुण पोरांत शिरलं होतं. चाक बॉडीच्या चार बोटं बाहेर आलं की गाडी दांडगी दिसते. असली मागणी घेऊन कुणी आलं की मास्तर त्याच्या हातात पाण्याने भरलेली बादली देत. "अंगाजवळ धर. जमतंय? आता हात लांब कर." पाच-दहा सेकंदांत हात थरथरायला लागे. "हेच तुझ्या बेअरिंगचं होणार. चाक बाहेर गेलं की वजन लांब हाताने उचलावं लागतं. खड्डा आला की स्टिअरिंग तुझं ऐकणार नाही, खड्ड्याचं ऐकेल. टायर मोठा, जड, म्हणून ब्रेक उशिरा लागणार. आणि माल भरून पाटे दबले की टायर बॉडीला घासणार." बहुतेक जण बादली ठेवून निघून जात. काही जण दुसऱ्या दुकानात जाऊन तीच चाकं बसवून घेत आणि मास्तरांच्या समोरून मुद्दाम हॉर्न वाजवत जात. मास्तर त्यांच्याकडे बघत नसत, चाकाकडे बघत.

त्या वर्षी नारळी पौर्णिमेच्या मिरवणुकीत सोनेरी नारळ ठेवायचा मान आमच्या गाडीला मिळाला. वडील असते तर त्यांनी गाडी धुऊन, झेंडूच्या माळा लावून नेली असती. रोशनला तेवढं पुरेना. मामेभावाच्या गाडीची रुंद चाकं तो मागून घेऊन आला आणि मास्तरांकडे गेला. मास्तरांनी बादली दिली. तो परत आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला, पुन्हा तेच. मग त्याने मला ग्रंथालयात फोन केला.

"ताई, तुझं ऐकतात ते. तू सांग ना. बाबांनंतर पहिल्यांदा आपली गाडी पुढे असणारे. सगळी वस्ती बघणारे."

मी त्या वेळी पुस्तकांच्या याद्या तपासत होते. भाऊ इतक्या दिवसांनी उत्साहात बोलत होता, एवढंच मला जाणवलं. मी मास्तरांना फोन लावला आणि म्हटलं, "मास्तर, मिरवणुकीपुरतंच आहे. बसवून द्या. माझ्यासाठी."

पलीकडे ताटवाट्यांचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, "ताई, तुम्ही वाचणारी माणसं. तुम्ही सांगताय म्हणजे विचार करूनच सांगत असाल."

मी विचार केला नव्हता. तरी मी "हो," म्हणाले.

त्यांनी चाकं बसवली. नट स्वतः आवळले. रोशनला म्हणाले, "मिरवणुकीपुरती. माल भरायचा नाही. पौर्णिमा झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी इथे. मी आठला दुकान उघडतो, तुझ्यासाठी सातला उघडीन."

मिरवणूक छान झाली. आईने वडिलांचा फोटो गाडीच्या काचेमागे ठेवला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे काकांची बोट भरून आली. पावसाळी बंदीनंतरची पहिली मोठी मासळी. आमच्याकडे पहिला माल दुसऱ्याच्या गाडीतून पाठवत नाहीत. रोशनने विचार केला, माल दादरला टाकू आणि परतताना परळला चाकं बदलू. वाटेवरच तर आहे. क्रेट चढले, बर्फ चढला, पाटे दबले. वळणावर मागचा टायर बॉडीला घासून फाटला, पुढचं चाक खड्ड्यात गेलं आणि स्टिअरिंग त्याच्या हातून सुटलं. गाडीखाली दुसरं कुणी आलं नाही, एवढंच नशीब. रोशनचा उजवा पाय दाराखाली सापडला.

मास्तर सातपासून दुकान उघडून बसले होते. ते हॉस्पिटलात आले तेव्हा हाताला ग्रीस तसंच होतं. जबाब घ्यायला आलेल्या हवालदाराने विचारलं, "ही चाकं कुणी बसवली?"

"मी," मास्तर म्हणाले. "माझ्या दुकानात, माझ्या हाताने."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"दुकान माझं आहे साहेब. मी नाही म्हणायला पाहिजे होतं."

मी तीन पावलांवर थर्मास घेऊन उभी होते. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी काही बोलले नाही.

त्यानंतर मच्छीमार नगरातल्या गाड्या त्यांच्याकडे जाईनाशा झाल्या. आमच्याच अंगणात बायका म्हणत, "एवढा शिकवायचा सगळ्यांना, आणि स्वतःच बसवली की!" आई मान हलवायची. मी घरात असायचे. एकदा धीर करून दुकानात गेले आणि म्हटलं, "मास्तर, मी सगळ्यांना सांगते." ते म्हणाले, "पाना कुणाच्या हातात होता, ताई?" आणि चहा मागवला. मी चहा प्यायले आणि घरी आले. त्यांच्या त्या एका वाक्याचा आडोसा मला पुढे चार वर्षं पुरला.

रोशनशी मात्र त्यांनी संबंध तोडला नाही. तो कुबड्या सोडून चालायला लागला तेव्हा एका रविवारी ते घरी आले. त्याची चप्पल उलटी करून तळ बघितला. "बाहेरून झिजतेय. अलाइनमेंट आउट आहे तुझं." रोशन त्या अपघातानंतर पहिल्यांदा मोठ्याने हसला. चपला घेऊन ते गेले आणि ओळखीच्या चांभाराकडून उजव्या टाचेला कातड्याची पट्टी लावून घेऊन आले. दर चार-सहा महिन्यांनी येऊन तळ बघत आणि पट्टी बदलून आणत.

यंदा पावसाळ्याच्या आधी मास्तर गेले. दुकानात, स्टुलावर बसल्याजागी.

चाळीतल्या सभागृहात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. बुद्धवंदना झाली. लोक उठून दोन-दोन शब्द बोलत होते. मी त्यांच्या पत्नीशेजारी, वहिनींशेजारी बसले होते. हळूच त्यांना म्हटलं, "वहिनी, तो फोन मी केला होता."

"माहितेय," त्या म्हणाल्या. "ते जेवत होते तेव्हाच तर आला. मीच वाढत होते."

"मग तुम्ही कधी कुणाला बोलला का नाहीत? तुमचं गिऱ्हाईक तुटलं."

त्यांनी साडीचा पदर सारखा केला. "मी म्हणत होते बोला म्हणून. ते म्हणायचे, ताई स्वतः येऊन बोलतील. पहिल्यांदा आल्या तेव्हा अर्धं बोलल्या होत्या. उरलेलं बोलतील. थांबू."

मी उठले. समोर आमच्या वस्तीतले सात-आठ ड्रायव्हर बसले होते, रोशन त्यांच्यात होता. मी सांगितलं की चाकं बसवायला मास्तर तयार नव्हते, दोनदा नाही म्हणाले होते आणि मी 'माझ्यासाठी' म्हणून त्यांना भाग पाडलं. माझा आवाज बारीक आहे, मागच्यांना ऐकू गेलं नाही म्हणून पुन्हा सांगावं लागलं.  पुढे बसलेले आमचे काका मान खाली घालून म्हणाले, "आता कुणाला सांगतेस, पोरी."

दुकान बंद आहे. रोशन आता गाडी चालवत नाही, धक्क्यावर बर्फ मोजून घेतो आणि थोडा लंगडतो. पिकअपला कंपनीची चाकं आहेत, गाडी आता काका चालवतात. मास्तर चार वर्षं माझी वाट बघत होते, आणि ते ऐकायला नसताना मी बोलले.