इस्त्रीसरांनी उघडलेले डोळे

शाळेत त्यांना इस्त्रीसर म्हणत, आणि हे नाव मुलांनी उगाच ठेवलं नव्हतं. फोटोतल्या माणसाच्या चेहऱ्यावर सुरकुती दिसली की या गृहस्थांचे हात शिवशिवायचे. तीळ, पुरळ, कपाळावरच्या आठ्या, हनुवटीखालचं लोंबतं कातडं, सगळं कॉम्प्युटरवर घासूनपुसून सपाट करून टाकायचे. पूर्वी बाजारात त्यांचा स्टुडिओ होता. तिथं एखादी म्हातारी फोटो न्यायला आली की पाकीट उघडून बघायची आणि चुकून सुनेचा फोटो दिलात म्हणून परत करायची. तरी धंदा चालला, कारण स्वतःच्या सुरकुत्या कुणाला हव्या असतात? पुढे ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा आला, त्या कॅमेऱ्यातच इस्त्रीची सोय आली, आणि सर दुकानात माश्या मारत बसायला लागले. शेवटी एक दिवस शटर ओढलं ते कायमचंच.

घरी बसायची सोय नव्हती. म्हणजे खुर्ची होती, पण बायको होती ना! घरात बसून त्यांनी भिंतीवरच्या तसबिरी सरळ केल्या, बायकोच्या डब्यांची मांडणी बदलली, तिच्या बहिणीचा जुना फोटो न विचारता गोरा करून फ्रेम करून आणला. त्या दिवशी बायकोनं त्यांना स्पष्ट सांगितलं की सकाळी घराबाहेर पडायचं आणि संध्याकाळी यायचं, कुठं जायचं ते तुमचं तुम्ही बघा.

नेमकी त्याच सुमारास शेजारच्या शाळेला कला सुचली. दुसऱ्या एका शाळेत फोटोग्राफीचा वर्ग निघाला, मग आपण काय घोडं मारलंय, असं मोठ्या बाईंना वाटलं. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. फोटोतलं त्यांना काडीचंही कळत नव्हतं, पण ‘क्रिएटिव्ह’ हा शब्द त्या दिवसातून इतक्या वेळा म्हणत की ऐकणाऱ्याला शिसारी यावी. नववी-दहावीच्या मुलांनी फोटो काढायचे, ते कॉम्प्युटरवर सजवायचे आणि वर्षाच्या शेवटी प्रदर्शन भरवायचं, असं ठरलं. सरांना प्रयोगशाळेमागची एक खोली मिळाली. एक खिडकी, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, आणि शाळेचा एक कॅमेरा. पण सगळं एका वर्षापुरतं. प्रदर्शन पाहुण्यांना आवडलं तर वर्ग पुढे चालू, नाहीतर खोलीत पुन्हा मोडकी बाकं भरायची, असं बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. म्हणजे सरांचं अख्खं म्हातारपण त्या एका प्रदर्शनाला टांगलेलं होतं.

मुलंही काही कमी नव्हती. प्रत्येकाला वाटायचं, आपल्यासारखी नजर जगात दुसरी नाही. आणि काढायचे काय, तर स्वतःचे बूट! एकानं वरून काढले, एकानं बाजूनं, एकीनं डबक्यात. मावळतीचे सूर्य तर इतके आले की सरांनी शेवटी सूर्यावर बंदी घातली. इथपर्यंत सरांचं बरोबरच होतं, असं कुणीही म्हणेल. पण पुढे त्यांनी जे चालवलं त्याला शिकवणं म्हणायला जीभ धजत नाही. “माझ्याकडे आणा, मी बघतो,” असं ते म्हणायचे. बघतो म्हणजे करतो. एका पोरानं दिव्याचा खांब मुद्दाम तिरका धरून काढला होता, सरांनी तो सरळ केला. एकीनं जांभई देणाऱ्या आईचा झकास फोटो आणला होता, सरांनी आईचं तोंड मिटवलं. मूळ फोटो जपून ठेवायची पद्धतही नव्हती. कॅमेरा रिकामा करायचा, सुधारलेला फोटो त्याच फाइलवर ठेवायचा, मामला खलास. मुलं मधल्या सुट्टीत हसायची आणि गप्प बसायची, कारण गुण सरांच्या हातात होते.

शेवटचा प्रोजेक्ट होता ‘घरातलं माणूस’. वर्गात एक मुलगी होती, शेवटच्या बाकावर बसायची, विचारल्याशिवाय तोंड उघडायची नाही. सर तिला घुमी म्हणत. नाव ठेवण्यात मात्र त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. तर या घुमीनं तिच्या आजोबांचा फोटो आणला. खिडकीशी बसलेला म्हातारा, मांडीवर ताट, ताटात लसूण. बोटं लसूण सोलतायत आणि तोंड खिडकीकडे, डोळे मिटलेले, सगळ्या चेहऱ्यावर ऊन. फोटो पाहून सरसुद्धा क्षणभर थबकले. वर्षभरात त्या खोलीत आलेला हा पहिला खरा फोटो होता, आणि हे त्यांना कळलं, इतकी जाण अजून शिल्लक होती. म्हणूनच त्यांनी ठरवलं, हा प्रदर्शनात मधोमध लावायचा. आणि मधोमध लावायचा तर नीट नको का करायला?

झालं. शाळा सुटल्यावर खोलीचं दार लावून घेतलं आणि सर बसले म्हाताऱ्याच्या मानगुटीवर. आधी सुरकुत्या गेल्या. मग डोळ्यांचा प्रश्न आला. फोटोत डोळे मिटलेले येणं ही स्टुडिओवाल्याच्या लेखी सगळ्यात मोठी नामुष्की. त्यावर त्यांचा जुना तोडगा होता. स्टुडिओ चालवताना त्यांनी गिऱ्हाइकांच्या चांगल्या उघड्या डोळ्यांचा एक संग्रहच करून ठेवला होता. लग्नाच्या ग्रुपमध्ये कुणा काकाचे डोळे मिटले की त्यातली एक जोडी उचलायची आणि चिकटवायची. काकालाही पत्ता लागत नसे. तशीच एक जोडी त्यांनी म्हाताऱ्याला बसवली. पण डोळे उघडल्यावर म्हातारा बघणार कुठं? लसूण सोलताना माणूस लसणाकडे बघतो, एवढं व्यवहारज्ञान सरांना होतं. त्यांनी मान जराशी वळवली, बुबुळं खाली आणली, आणि म्हातारा इमानदारीत लसणाकडे बघायला लागला. पोरीची चूक निस्तरली म्हणून सर खूश होऊन घरी गेले.

आजोबा कोण, कसे, डोळे मिटून का बसलेत, हे त्यांनी तिला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. घुमी असली तरी मुकी नव्हती. पण फोटोतल्या माणसाची चौकशी करायची सवय इस्त्रीसरांना जन्मात नव्हती.

प्रदर्शनाच्या दिवशी सगळं सरांच्या मनासारखं चाललं होतं. पाहुणे आले, त्यांनी बुटांसमोर माना डोलावल्या, तिरक्याचा सरळ झालेला खांब पाहिला आणि मधल्या फोटोसमोर थांबले. मोठ्या बाई तर हरखून गेल्या. त्यांनी सरांना बाजूला घेऊन पुढच्या वर्षीचा वर्ग पक्का समजा असं सांगूनही टाकलं. सरांचा जीव भांड्यात पडला. वर्षभरात पहिल्यांदा त्यांनी पाठ टेकून चहा घेतला.

तेवढ्यात घुमी आली. एका हातात आजोबांचा हात, आजोबांच्या दुसऱ्या हातात काठी. काठी आधी जमिनीवर फिरायची, मग पाऊल पडायचं. पाहणाऱ्यांना एका क्षणात कळलं, सर सोडून. ते कौतुक ऐकायला पुढे आले आणि जवळ आल्यावर त्यांनाही कळलं.

घुमीनं तो फोटो भिंतीवर पहिल्यांदाच पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. आजोबांनी विचारलं, कसा आलाय. मोठ्या बाईंना गप्प राहणं माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, “आजोबा, फारच जिवंत फोटो आहे. डोळे तर अगदी बोलतात.”

“कुणाचे?” आजोबांनी विचारलं.

मग नातीनं सांगितलं, हळू पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. “आबा, सरांनी तुमचे डोळे उघडलेत. तुम्ही लसणाकडे बघताय.”

सर पुढे झाले. फोटोत डोळे मिटलेले आले होते, पोरीच्या हातून चूक झाली होती, ती आपण फक्त सुधारली, असं काहीतरी ते पुटपुटले. आजोबांनी ऐकून घेतलं. पोरीची चूक नाही, म्हणाले, डोळे तिच्या जन्माच्या आधीपासून असेच आहेत.

“पण हे लावलेत ते कुणाचे?” त्यांनी पुन्हा विचारलं. आवाजात राग नव्हता, खरंच जाणून घ्यायचं होतं.

सरांना ठाऊकच नव्हतं. इतक्या वर्षांत इतक्या लोकांचे डोळे गोळा केले आणि एकाही डोळ्याचा माणूस लक्षात नाही. “माहीत नाही,” ते म्हणाले, आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. वाटायलाच हवी होती.

घुमी फोटो उतरवायला गेली तर मोठ्या बाईंनी तिचा हात धरला. पाहुण्यांना आवडलाय, संध्याकाळपर्यंत राहू दे, आता कुठं तमाशा करायचा, असं त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. अशा वेळी यांना बरोबर दबका आवाज सापडतो!

“राहू दे गं,” आजोबा नातीला म्हणाले. “तो कुणीतरी दुसरा माणूस आहे, बसू दे बापड्याला लसूण सोलत. आपण माझा परत काढू. फक्त या वेळी तुझ्या सरांना दाखवू नकोस.”

कुणी हसलं नाही. सारा वर्ग तिथंच उभा होता आणि सरांकडे बघत होता.

वर्ग चालू राहिला. मोठ्या बाई शब्दाला जागल्या, खोलीला नवा रंग दिला, दारावर सरांच्या नावाची पाटीही लावली. मुलं नेमानं येतात, बाहेरून छापून आणलेले फोटो सरांना लांबूनच दाखवतात, आणि सरांनी हात पुढे करायच्या आत दप्तरात घालतात.