तेल उठेपर्यंत
टोरीच्या तेलाचा वास आला की मला भामरागडकडच्या एका गावातली धानाची गिरणी आठवते. टोरी म्हणजे मोहाचं बी. तिचं तेल तिथे दिव्यात जळतं, भाजीत पडतं आणि गिरणीच्या बेअरिंगमध्येही जातं. बेअरिंगच्या खरखरीत पोलादावर तेलाचा पापुद्रा किती टिकतो, आतल्या रोलरवर किती ताण येतो, याचं गणित कॉम्प्युटरवर करून मी ते पडताळायला गेले होते. थंडीतली सकाळ होती. धानाच्या टोपल्या घेऊन बायका कधीच्या बसलेल्या, आणि म्हातारा गिरणीवाला बेअरिंगवर ऊन यायची वाट पाहत उकिडवा. "भाऊ, चालवा की, माझ्या गणितात ताण मर्यादेत बसतो," मी म्हटलं. "तेल झोपून हाये अजून," तो म्हणाला, पण पाहुणीचं मन मोडवेना म्हणून त्यानं गिरणी सुरू केली. ती चालली नाही, किंचाळली. त्यानं झटक्यात बंद करून झाकण उघडलं, तर आत तेल तुपासारखं थिजलेलं आणि रोलरवर नखाला लागेल असा ओरखडा. मला जमिनीत शिरावंसं वाटलं. "काऊन तोंड पाडून राह्यली, बाई? चालते अजून थो रोलर. तेलाले उठू दे, तू बी बस," तो म्हणाला. बायकांनी सरकून मला उन्हात जागा दिली, कोणी ओंजळीत भाजलेली मोहफुलं घातली. खात खात बसलो, तोवर तेल वितळलं आणि गिरणी समाधानानं गुरगुरू लागली. आजही माझ्या प्रत्येक गणितात पहिली ओळ तापमानाची असते, आणि तिच्यापुढे मी पेन्सिलीनं लिहिते: तेल उठलं का?