पार्किंगमधली विहीर

आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये डाव्या कोपऱ्यात माझ्या गाडीची जागा आहे. भिंतीवर पिवळ्या रंगात गाडीचा नंबरही लिहिलाय. त्या जागेखाली आमची विहीर आहे. आहे म्हणावं की होती, हे माझं अजून ठरत नाही.

विहीर आजोबांनी खणली. ते विहिरी खणणाऱ्या टोळीत मजूर होते. आसपासच्या किती मळ्यांतून त्यांनी पहार चालवली, ते त्यांनाही सांगता यायचं नाही. गंमत अशी, आणि गंमतच म्हणते, दुसरा शब्द वापरला तर माझं डोकं फिरेल, की पाणी लागलं की मालक नारळ फोडायचा आणि त्या दिवसापासून आजोबांना त्या विहिरीवर पाय ठेवायची बंदी. गल्लीतही तेच. कायद्यानं पाणवठे केव्हाच खुले झाले होते, पण आमच्या गल्लीच्या आडापर्यंत कायदा काही पोचला नव्हता. आजी घागर घेऊन लांब उभी राहायची. कुणाला दया आली तर ती बाई वरून ओतायची. एकदा अर्धा दिवस उन्हात उभी राहून आजी रिकामी घागर घेऊन परत आली. दुसऱ्या दिवसापासून आजोबा कामावरून आले की आपल्याच परसात खणायला लागले. पाणी लागलं तेव्हा म्हणाले, "आता माझ्या घरातल्या कुणावर पाणी मागायची येळ यायची न्हाई." हे वाक्य आमच्या घरात इतक्यांदा सांगितलं गेलंय, की लहानपणी ते सुरू झालं की मी उठून जायची.

पुढे नळ आले. विहीर धुण्याभांड्यापुरती राहिली. पण कोल्हापुरात महापूर आला की नळाचं पाणी जातं, हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. पंचगंगा पात्र सोडते, पाणी उपसायची यंत्रंच पाण्याखाली जातात, आणि मग खालच्या पेठांत कमरेएवढं पाणी आणि आमच्यासारख्या उंचावरच्या गल्लीत तांब्याभर नाही. अशा वेळी सगळी गल्ली आमच्या परसात यायची. आजीला लांब उभं करणारी घरंसुद्धा. वडिलांनी परसाच्या फाटकाला कडी कधी बसवलीच नाही. मी एकदा म्हटलं, "निदान विचारून तरी भरावं की माणसानं." तर माझ्यावर असे ओरडले! "का विचारायचं? आमी विचारत उभं ऱ्हायलो, तेवढं बास हाय."  वडील सहसा ओरडत नसत.

वडील गेल्यावर घर आईला झेपेना. मी वारणानगरला कॉलेजात शिकवते, राहतेही तिथल्याच कॉलनीत, शनिवार-रविवारी येते. शेजारच्या दोन घरांनी बिल्डरला होकार दिला, आम्हीही दिला. आईची एकच अट होती, विहीर ठेवायची. बिल्डरनं नकाशा दाखवला, कोपऱ्यात गोल काढलेला होता. "ही बघा तुमची हीर, मावशी." आईनं त्या गोलावर बोट ठेवून पाहिलं आणि मग सही केली.

काम सुरू झालं. आई गल्लीच्याच दुसऱ्या टोकाला भाड्याच्या खोलीत राहायला गेली. मे महिन्यात एका दुपारी बिल्डरचा मला फोन आला. कोल्हापूर आता आमच्या लहानपणीचं राहिलेलं नाही, मे महिन्यात भिंतीला हात लावला तर चटका बसतो. मी पेपर तपासत होते, घामानं पेपर हाताला चिकटत होते, डोकं तापलेलं. तो म्हणाला, "मॅडम, हिरीमुळं गाडी वळंना झाल्या. हीर ठिवली तर तुमाला पार्किंग न्हाई. काय करू सांगा." मी म्हटलं, "करा हो काय करायचं ते." बास, एवढंच. पुढचा पेपर ओढला. मला वाटलं, वर स्लॅब टाकतील, झाकण ठेवतील. खरं सांगायचं तर मला काही वाटलंही नाही. मला पार्किंग हवं होतं.

त्या शनिवारी साइटवर गेले. विहीर नव्हती. जिथं कठडा होता तिथं जमिनीच्या बरोबरीनं राडारोडा भरलेला, आणि तो राडारोडा कुणाचा, तर आमच्याच घराचा. निळ्या रंगाचे भिंतीचे तुकडे, स्वयंपाकघरातली कडाप्पाची फरशी, चौकटीचं एक लाकूड वर आलेलं. आमचं घर आमच्याच विहिरीत घातलं होतं. असं कुणी करतं का? मी बिल्डरला फोन करून तोंडाला येईल ते बोलले. तो शांतपणे म्हणाला, "तुमीच तर व्हय म्हटला की, मॅडम."  म्हटलंच होतं मी.

आईला काय सांगायचं? तिला गुडघ्यांमुळं साइटपर्यंत यायला होत नव्हतं, आणि भोवतीनं पत्रे ठोकल्यानं गल्लीतल्या कुणाला आतलं दिसतही नव्हतं, ते मला बरंच पडलं. मी सांगितलं, वर पेव्हर ब्लॉक बसवलेत, खाली लोखंडी झाकण आहे, लागलं की ब्लॉक काढायचे आणि उघडायचं. पन्नाशी ओलांडलेली बाई मी, कॉपी करणाऱ्या पोरांना वर्गाबाहेर काढणारी, आईशी सरळ खोटं बोलले. तिनं लगेच विश्वास ठेवला, त्याचाच जास्त त्रास झाला. नव्या फ्लॅटमध्ये येताना तिनं पितळी पोहरा आणि दोर आठवणीनं आणला, पलंगाखाली ठेवला. आल्यागेल्याला सांगायची, "पोरीनं हीर झाकून घेतल्या झ्याक. वर गाडी, खाली पाणी." मी तेवढ्यात चहा ठेवायला उठायची.

दोन पावसाळे तसेच गेले. तिसऱ्या वर्षी नदी चढली. नृसिंहवाडीला देवळात पाणी शिरल्याची बातमी आली तेव्हा मी आईकडेच होते. वारणेच्या बाजूचे रस्ते बंद झाले आणि मी इथंच अडकले. तिसऱ्या दिवशी नळ गेले. टँकर येणार, येणार म्हणत होते. चौथ्या दिवशी सकाळी मी दात घासत होते, तोवर पलंगाखालनं काहीतरी ओढल्याचा आवाज आला. आई पोहरा काढत होती. खाली पाहिलं तर गल्लीतल्या आठ-दहा बायका घागरी, कळश्या, बादल्या घेऊन पार्किंगमध्ये उभ्या. आईनं आदल्या दिवशीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. पुढे समोरच्या घरातल्या काकी. त्यांचं शेतकऱ्याचं मोठं घर, दारात दोन म्हशी. आईच्या वयाच्या, आणि मागच्या महापुरातही आमच्या विहिरीवर पहिल्या आलेल्या.

त्या वेळी तरी सांगून टाकायचं! पण मी तोंड पुसलं आणि तिच्या मागनं निघाले. आई एकेक पायरी धरत उतरली. म्हणाली, "गाडी काढ जरा मागं."

मी काढली. माझी मलाच कमाल वाटते, पण मी गाडीत बसले, चावी फिरवली आणि शहाण्यासारखी गाडी मागं घेतली, जसं काही खाली खरंच झाकण आहे.

आईनं पोहऱ्याच्या काठानं ब्लॉकवर ठोकून पाहिलं. एका जागी, मग दुसऱ्या. "आवाज बद्द येतुया," ती म्हणाली. मग वॉचमनला हाक मारली, "पावणं, पहार आणा. ह्याखाली झाकण हाय."

वॉचमन आधी ह्याच साइटवर कामाला होता. तो गोंधळून माझ्याकडं बघायला लागला. मी मान खाली घातली. "आजी, झाकण-बिकण काय न्हाई हितं. हीर भरल्या की. मीच टाकलाय सगळा राडा आत."

 मला वाटलं, आता आई माझ्यावर ओरडणार. ओरडावं असंच मला वाटत होतं. तिनं नुसतं माझ्याकडं पाहिलं. दोर हाताभोवती गुंडाळला, बायकांना म्हणाली, "चुकलं बायांनो. जावा, टँकरचं बघा." आणि जिना चढायला लागली. मी आधाराला हात पुढं केला, तो तिनं घेतला नाही. काकी तेवढ्या थोडा वेळ थांबल्या. पायानं ब्लॉकवरची धूळ सारली आणि म्हणाल्या, "आमी लई प्यालोय ह्या हिरीचं." मग त्याही गेल्या.

टँकर दुपारपर्यंत आला नाही. बाटलीत तळाला घोटभर होतं, ते आईला सकाळच्या गोळीला संपलं. ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. दुपारची गोळी राहिली होती. दुकानातल्या बाटल्या आदल्या दिवशीच संपल्या होत्या. खिडकीतनं बघते तर काकींचा मुलगा मळ्यातल्या विहिरीचं पाणी ट्रॅक्टरवर टाकी टाकून घेऊन आला होता. माझा जीव भांड्यात पडला. कळशी उचलली आणि धावतच समोर गेले.

काकी दारातच होत्या. मी म्हटलं, "काकी, कळशीभर पाणी द्या की. आईची गोळी ऱ्हायल्या." त्यांनी कळशी माझ्या हातातनं काढून घेतली, स्वतः तोटीखाली धरून काठोकाठ भरली, पदरानं बूड पुसलं आणि म्हणाल्या, "आनि लागलं तर ये. लाजू नगंस." किती चांगली माणसं, असं मनात म्हणत मी जिना चढले. सकाळपासून पहिल्यांदा मला हलकं वाटत होतं.

कळशी ओट्यावर ठेवली, फुलपात्र भरलं, गोळी काढली. आई उठून बसली. पाण्याकडं बघत म्हणाली, "कुणाचं?"

"समोरच्या काकींचं. मळ्यातनं आणलंय त्यांच्या पोरानं."

तिनं फुलपात्र हातात घेतलं. तोंडाशी नेलं आणि तसंच थांबवलं.

"त्यांनी आणून दिलं," आई म्हणाली, "का तू मागितलंस?"

 सगळं लहानपण मी आजोबांचं ते वाक्य ऐकत आले होते आणि कळशी घेऊन रस्ता ओलांडताना मला त्यातला एक शब्दही आठवला नव्हता.  आता तरी खोटं बोलायचं नव्हतं.

"मी मागितलं," मी म्हटलं.