एकाच आजाराचे दोन अर्ज

शर्मा साहेबांनी दोन अर्ज माझ्यासमोर सरकवले आणि म्हणाले, "मॅडम, ज़रा पढ़िए।"

दोन्ही बदलीचे अर्ज. एक आमच्या ऑफिसातल्या वाघ यांचा, नाशिकला बदली हवी म्हणून. दुसरा विनोद सैनीचा, अलवरसाठी. गावाचं नाव सोडलं तर मधला परिच्छेद दोन्हीकडे अक्षर न अक्षर सारखा. पत्नी तीन वर्षांपासून मानसिक आजाराने ग्रस्त आहे, दोनदा रुग्णालयात ठेवावं लागलं, घरी एकटं सोडता येत नाही, माहेरच्या माणसांजवळ राहिली तर सुधारेल असं डॉक्टरांचं मत आहे.

आणि विनोदचं तर लग्नच व्हायचं होतं! आखा तीजचा, म्हणजे आपल्या अक्षय्य तृतीयेचा, मुहूर्त होता, पत्रिका आमच्या सगळ्यांच्या टेबलांवर पडल्या होत्या.

साहेबांचा तर्क सरळ होता. ऑफिसात कुणीतरी रडका नमुना तयार केलाय आणि जो तो तो उचलतोय. म्हणजे विनोद खोटा आणि वाघही खोटे. दोघांचे अर्ज फेटाळायचे आणि दोघांना मेमो द्यायचा. मेमो म्हणजे लेखी जाब. तो एकदा सर्व्हिस रेकॉर्डला चिकटला की पुढची काही वर्षं बदलीचं नाव काढायचं नाही. ऑफिसातले कॉम्प्युटर मी सांभाळायचे, म्हणून नमुना कुणी बनवला ते शोधायचं काम माझ्यावर आलं. संध्याकाळपर्यंत सांगा, म्हणाले.

मी मूळची साताऱ्याची. विमा कंपनीच्या नोकरीने जयपूरला आणून टाकलं होतं. वाघही महाराष्ट्रातलेच. शास्त्री नगरात एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो, ते वर, आम्ही खाली. तीन वर्षांत त्यांची बायको आमच्याकडे एकदाही आली नव्हती. हळदीकुंकू नाही, गणपती नाही, काही नाही. भारी तोरा आहे बाईला, असं आम्ही बायका म्हणायचो. सगळ्यात मोठ्याने मीच म्हणायचे. त्यामुळे अर्ज वाचून मलाही आधी वाटलं, वाघांनी मस्त गोष्ट रचली आहे.

केबिनमधून बाहेर आले आणि हिंदीच्या मशीनकडे नजर गेली. नमुना कुठून उचलला गेला असेल ते लक्षात आलं.

हे मशीन म्हणजे काय ते सांगते. दोन हजार सहा-सात सालची गोष्ट. वरिष्ठांना जाणारा प्रत्येक अर्ज हिंदीतून लागायचा आणि हिंदी टायपिंगची सोय अख्ख्या ऑफिसात एकाच कॉम्प्युटरवर होती. त्यावर टायपिस्ट गिरधारीजी बसायचे. ते उठले की ज्याला गरज तो बसायचा. आमच्याकडे अर्ज कुणी स्वतःच्या डोक्याने लिहीत नसे. आधीच्या कुणाचा तरी घ्यायचा, नाव-गाव बदलायचं आणि सही ठोकायची. यात कुणाला काही गैर वाटत नसे. उलट स्वतः लिहिणाऱ्याला लोक वेड्यात काढायचे.

त्या काळात मला फुकटच्या सॉफ्टवेअरचं वेड लागलं होतं. ओपन सोर्स म्हणजे ज्याचा मूळ कोड कुणीही उघडून वाचावा, वापरावा, पैसे पडत नाहीत. मोठ्या फाइली आवळून लहान करणारं एक टाकलं, कागदाची पीडीएफ करणारं एक टाकलं. साहेब खूश, मी हवेत. मग गिरधारीजी कुरकुरायला लागले की दिवसातून वीस वेळा तेच 'सविनय निवेदन' टाईप करून बोटं दुखतात. मी म्हटलं, थांबा, यावरही इलाज आहे.

आपण काही कॉपी करतो तेव्हा कॉम्प्युटर ते तात्पुरतं लक्षात ठेवतो. त्या जागेला क्लिपबोर्ड म्हणतात. दुसरं काही कॉपी केलं की पहिलं गेलं. मी टाकलेली युटिलिटी, म्हणजे एक छोटं सॉफ्टवेअर, पहिलं जाऊ देत नव्हती. कॉपी केलेलं सगळं एका यादीत साठवायची. दोन बटणं दाबली की यादी समोर हजर, हवं ते निवडा आणि चिकटवा. मशीन बंद करून चालू केलं तरी यादी जशीच्या तशी. गिरधारीजींनी खुशीत मला घरचे घेवर, तिकडची ती जाळीदार मिठाई, आणून दिले होते.

त्याच मशीनसमोर आता मी बसले आणि यादी उघडली. वरपासून खालपर्यंत सगळं ऑफिस तिथे उघडं पडलं होतं. कुणाची तक्रार, कुणाचं कर्ज, कुणाच्या मुलीच्या स्थळाचं पत्र. वाघांचा परिच्छेद शनिवारी दुपारचा होता, जुन्या अर्जाच्या साच्यात चिकटवताना त्यांनी तो कॉपी केला असणार. प्रत्येक नोंदीपुढे तारीख-वेळ येत होती. शनिवारी ऑफिस बंद, आणि सुट्टीत येणाऱ्यांच्या रजिस्टरमध्ये एकट्या वाघांची सही. कुणी नसताना लिहावं म्हणून ते बिचारे सुट्टीच्या दिवशी आले होते. त्यांनी स्वतःची फाइल मशीनवरून काढूनही टाकली होती. यादी आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. सांगायचं ते मीच सांगितलं नव्हतं.

विनोदला बाजूला घेतलं. तो म्हणाला, सोमवारी गिरधारीजींनी शिकवलेली ती दोन बटणं दाबली, यादीत ती ओळ दिसली, 'मेरी पत्नी विगत तीन वर्षों से अस्वस्थ', वाटलं गिरधारीजींनी नमुना ठेवलाय. पुढचं वाचलंच नाही, नुसतं नाशिकचं अलवर केलं. मी विचारलं, अरे पण बायको कुठाय तुला? तर म्हणे, बदलीची ऑर्डर येईपर्यंत लग्न होऊन जाईल ना. आता बोला! हसावं की थोबाडीत द्यावी ते कळेना.

मग वाघांकडे गेले. साहेबांनी त्यांना आधीच बोलावून सुनावलं होतं. टेबलावर कोरा कागद घेऊन बसले होते.

"अर्ज मागे घेतोय," ते म्हणाले.

"अहो, पण खरं असेल तर हॉस्पिटलचे कागद दाखवा की साहेबांना."

"दाखवले की उद्या चहाच्या टपरीवर तेच चालेल. आणि आपल्या बिल्डिंगमध्येही." त्यांनी पेन खाली ठेवलं. "ताई, तुम्ही जिन्यात जे बोलता ना, ते वर ऐकू येतं. तिलाही येतं. त्या दिवशी ती जेवत नाही."

तोंडावर सपकन चपराक बसावी तसं झालं. त्या घरात काय चाललंय याचा मला पत्ता नव्हता आणि मी तोरा मोजत होते. लाज वाटली, अजूनही वाटते.

त्यांच्या पुढ्यातला कागद मी उचलून घेतला आणि तडक केबिनमध्ये गेले. साहेबांना सांगितलं, नमुना कुणी बनवलेला नाही. वाघांनी शनिवारी लिहिलं, विनोदने सोमवारी न वाचता उचललं, आणि उचलता आलं ते माझ्यामुळे. त्यांना मशीनपाशी आणून शनिवारची वेळ दाखवली, रजिस्टरही दाखवलं.

साहेबांनी यादी वरपासून खालपर्यंत चाळली. मग हळूच विचारलं, "मैंने आज तक जो मेमो टाइप करवाए, वे भी इसमें हैं?"

"जी, वे भी हैं।"

ते उठून केबिनमध्ये गेले. मग दार लावून वाघांना एकट्यांना बोलावलं, हॉस्पिटलचे कागद स्वतः पाहिले, परत त्यांच्याच हातात दिले आणि शिफारस लिहिली. विनोदला झापलं आणि त्याचा अर्ज फाडला. मेमो एकच निघाला, माझ्या नावाने, परवानगीशिवाय सॉफ्टवेअर टाकल्याबद्दल. मी मुकाट्याने सही करून घेतला.

वाघांची ऑर्डर जूनमध्ये आली. सामान ट्रकमध्ये चढत होतं तेव्हा वहिनी खाली आल्या, पहिल्यांदाच आमच्या दारात. "तीन वर्षांत तुमच्याकडे येणं झालं नाही, राग मानू नका हं," म्हणाल्या. माफी त्या मागत होत्या! मी त्यांचे हात धरले.

यादी मी साहेबांच्या समोर, अर्जांच्या त्या दिवशी संध्याकाळीच, पुसली होती. पुसताना त्या युटिलिटीचं सेटिंगचं पान पहिल्यांदा नीट वाचलं. 'बंद होताना यादी पुसावी' असा एक चौकोन तिथे होता. एक टिक करायची होती, बस. कोड सगळ्या जगाला उघडा होता आणि मी साधं सेटिंगही वाचलं नव्हतं. विनोदने अर्ज न वाचता चिकटवला म्हणून मी त्याच्यावर चिडले होते, आणि माझी तरी काय वेगळी तऱ्हा होती? तेव्हापासून कुणाच्याही मशीनवर काही टाकायच्या आधी ते काय काय लक्षात ठेवतं, हे मी पहिलं बघते.