मोहोळ म्हणजे डावीकडे

बाळू गेल्याची बातमी आधी सुरेखाला कळली, मग मला. बायकोला आधी कळणार, यात नवल काय? तरी मला ते लागलं. आईच्या माघारी त्याचं सगळं मी केलं, आणि मला सांगणारी कोण, तर ती... "आक्का, हे गेले हो," एवढंच फोनवर म्हणाली. ऑफिसात बसल्या जागी छातीत कळ आली आणि संपलं. रडता रडता माझ्या मनात आलं, सकाळचा शेवटचा चहा त्यानं हिच्याच हातचा घेतला असणार. असल्या वेळीसुद्धा मनाला हेवा सुचतो. मी तो कधी लपवलेला नाही आणि आता या वयात लपवणारही नाही.

माझ्या या धाकट्या भावाला लहानपणी डावं-उजवं कळत नसे. सायकल शिकवताना मी कॅरिअर धरून मागं पळायची, "डावीकडं!" म्हणून ओरडायची आणि हा बरोबर उजवीकडच्या गटारात. शेवटी एकदा त्याला गल्लीच्या तोंडाशी उभं केलं आणि म्हटलं, "हे बघ, मावशीच्या गावाला जायचं तर या हाताला, मामाच्या गावाला जायचं तर त्या हाताला." मावशी मोहोळची, मामा वळसंगचा. दोन्हीकडं त्याचे लाड व्हायचे, त्यामुळं ते डोक्यात पक्कं बसलं. तेव्हापासून आमच्यात डावीकडे म्हणजे मोहोळ आणि उजवीकडे म्हणजे वळसंग.

पुढं नोकरी लागल्यावर त्यानं एक जुनी गाडी घेतली आणि तिच्यावर जीव लावला. स्टिअरिंग जड झालं, वळवताना कण्हल्यासारखा आवाज यायला लागला, की पॉवर स्टिअरिंगचं तेल तो घरीच बदलायचा. "गॅरेजवाले डबीतलं वरचं तेल काढत्यात अन् नवं ओतत्यात. आतलं काळं तसंच ऱ्हातंय की, आक्का," असं त्याचं म्हणणं. हे काम एकट्याचं नव्हे. पुढची चाकं जॅकवर उचलायची, डबीकडं परत येणारी नळी सोडवून रिकाम्या बाटलीत घालायची, डबीचं तिथलं तोंड बुचानं बंद करायचं. मग एकानं बॉनेटपाशी उभं राहून नवं तेल ओतत राहायचं आणि दुसऱ्यानं आत बसून, इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं. आत बसायची मी. बॉनेटमागून त्याची हाक यायची, "मोहोळ!... बास. आता वळसंग! टोकाला धरून ठेवू नगं, पंप रडतोय." बाटलीत आधी काळं पडायचं, मग तांबूस, आणि लालभडक यायला लागलं की तो बॉनेटआडून डोकं काढून हसायचा. ते हसू माझं होतं.

मग त्याचं लग्न झालं. एका रविवारी मी पोह्यांचा डबा घेऊन पलीकडच्या गल्लीतून आले, तर माझ्या जागी सुरेखा. गाडीत बसली होती त्याचं एवढं वाईट वाटलं नाही. पण बॉनेटमागून हा ओरडला, "मोहोळ!" आणि तिनं झटकन डावीकडं फिरवलं. बायकोला त्यानं घर द्यावं, पगार द्यावा, पण ते शब्द माझे होते. पोहे तिथंच पायरीवर ठेवून मी परतले. दोघांनी आवडीनं खाल्ले म्हणे.

तो गेल्यावर काही आठवड्यांनी सुरेखाचा फोन आला. "गाडी लई जड चाललीय, आक्का. ह्यांनी तेल आणून ठेवलं होतं, राहूनच गेलं. एकटीनं होत न्हाई, येता का?" गेले. वाटलं होतं बाटली धरायला लावेल, पण तीच म्हणाली, "तुमी बसा आत." बसले. सीट तिच्या बेतानं पुढं ओढलेली होती, मी आधी ती मागं सरकवली. बॉनेटमागून हाक आली, "मोहोळ!" आवाज तिचा, पण ओढून म्हणायची रीत थेट त्याची. माझे हात आपोआप फिरले. "वळसंग!... धरून ठेवू नका, पंप रडतोय." मला पुढचं दिसेना, तरी मी फिरवत राहिले. लाल तेल आलं तेव्हा बॉनेटआडून डोकं बाहेर आलं ते सुरेखाचं, आणि तीही रडत होती.

नळी जोडून, चाकं खाली उतरवून हात पुसता पुसता तिनं विचारलं, "आक्का, मोहोळ अन् वळसंगच का हो? इतकी वर्षं मी विचारायची. नुसते हसायचे. म्हणायचे, ते आक्काला विचार, ते तिचं हाय."

म्हणजे शब्द तिला दिले होते, गोष्ट नव्हती दिली. सायकल, गटार, मावशी, मामा... सगळं त्यानं माझ्यासाठी जपून ठेवलं होतं आणि मला एका शब्दानं बोलला नाही.

"उगीच," मी म्हटलं. "असंच म्हणायचो आम्ही." तिला वाईट वाटलं, ते दिसलं मला. वाटू दे. तिच्याकडं त्याचं घर आहे, गाडी आहे, इतक्या वर्षांचा संसार आहे. एवढं एक माझ्याकडं राहू दे.

गाडी कशी चालते ते बघायला आम्ही दोघी बाहेर पडलो. चालवत ती होती. स्टिअरिंग एका बोटानं फिरत होतं, आवाज बंद झाला होता. गल्लीच्या तोंडाशी, जिथं मी त्याला उभं केलं होतं तिथंच, तिनं गाडी थांबवली आणि विचारलं, "कुटं घेऊ, आक्का?"

तोंडात आलेला शब्द मी गिळला आणि जन्मात पहिल्यांदा त्या गाडीत म्हटलं, "डावीकडं घे."