उपडं घातलेलं ताट

आमच्या खाणावळीत माणसाला काढून टाकायची एक रीत होती. आई कुणाला तोंडाने जा म्हणायची नाही. प्रत्येक जेवणाऱ्याचं आपापलं जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, ताट असायचं, मागच्या बाजूला खिळ्याने ठोकलेली खूण असलेलं. एखादा पिऊन आला, कुणावर हात टाकला, कुणाची वस्तू ढापली, की दुसऱ्या दिवशी पंगतीत त्याचं ताट उपडं घातलेलं असायचं. तो बघायचा, ताट काखेत मारायचा आणि मुकाट जिना उतरायचा. आमच्या लालबागच्या चाळीत याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नसे.

हे सांगतेय ते कॉलेजातल्या माझ्या एका मैत्रिणीपायी. मैत्रीण म्हणायची सवय लागलीय म्हणून म्हणते, एरवी दुसरा शब्द आहे माझ्याकडे. कॉमर्सच्या वर्गात आम्ही दोघीच मुली, म्हणून एका बाकावर. ती गिरगावातली. तिच्या घरात मासळीचा वाससुद्धा चालत नसे, म्हणून दर रविवारी आमच्याकडे बांगड्याचं तिखलं ओरपायला यायची. आईने तिच्यासाठीही एक ताट ठेवलं होतं आणि त्याच्यामागे चांदणी मीच ठोकली होती, हौसेने.

वक्तृत्वाची ढाल, नाटकातलं बक्षीस, टेबल टेनिस, जिमखान्याचं सेक्रेटरीपद, सगळं तिच्याकडे. माझ्याकडे शून्य. तास संपला की मी घरी धावायची. गिरणीची पाळी सुटली की भुकेली माणसं जिना चढत यायची, वडील नव्हते, आणि आईच्या हाताखाली मी एकटीच. कसली नाटकं नि कसल्या ढाली!

बी.कॉम. झाल्यावर मला फोर्टातल्या एका संस्थेत जायचं होतं. धंदा कसा चालवावा हे तिथे शिकवायचे. मार्क चांगले होते. ती जागा मिळाली नाही तर जन्मभर भात वाढत बसणार, हे मला स्वच्छ दिसत होतं, आणि मला वाढायचा नव्हता. पण मुलाखतीत हमखास विचारायचे, अभ्यासाखेरीज काय केलंत? त्याला काय उत्तर देऊ? एका रविवारी मी तिच्यापुढे हेच रडगाणं गायले.

ती बांगड्याचा काटा काढत म्हणाली, "अगं वेडे, तुझी ती करफ्यूतली चूल! तेवढं एकच सांग, पण नीट सांग."

करफ्यूतली चूल म्हणजे असं झालं होतं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गोळीबार झाला, गिरण्या बंद पडल्या, रस्त्यावर पोलीस, खाली उतरायची सोय नाही. आमच्या चाळीत चार खाणावळी, आणि चौघी बायकांचं आपसात विळ्याभोपळ्याचं सख्य. एकीकडे तांदूळ होते पण कोळसे नव्हते, दुसरीकडे कोळसे होते, तिसरीकडे नुसते कुळीथ. मी बाकीच्या तिघींच्या दारात गेले, भांडले, हातापाया पडले, आणि सगळ्यांचं रांधणं एका चुलीवर आणलं. कुणी कधी रांधायचं, कुठला मजला आधी जेवणार, सगळं मी ठरवलं. कुळथाची पिठी आणि भात, बाकी काही नाही. पण करफ्यू उठेपर्यंत चाळीत कुणी उपाशी झोपलं नाही. यात सांगण्यासारखं काही आहे, हे मला तिने म्हणेपर्यंत सुचलंच नव्हतं.

तिने माझी तालीमच घेतली. म्हणाली, हे नाही, ते नाही, अशी सुरुवात करू नकोस. घरी काम असायचं हे एका वाक्यात सांगून मोकळी हो, तोंड पाडू नकोस. मग चुलीवर ये. काय अडलं होतं, तू काय केलंस, त्याने काय झालं. दर रविवारी मी गोष्ट सांगायची आणि ती दुरुस्त करायची. शेवटी शेवटी तर तिला ती माझ्यापेक्षा चांगली पाठ झाली. मला वाटायचं, मैत्रीण असावी तर अशी. मूर्ख मी!

अर्ज तिनेही केला होता, आणि तिची मुलाखत माझ्याआधी होती. बाहेर आली ती माझ्याकडे न बघता पाणी प्यायला गेली. मी आत गेले. समोर तिघे जण. तिने शिकवल्याबरहुकूम मी सांगत गेले. मधल्या टकल्या गृहस्थांनी चष्मा काढला.

"बाई, ही चूल आम्ही आत्ताच ऐकली," ते म्हणाले. "आधीच्या मुलीने पेटवली होती."

बाकीचे दोघे हसले. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी म्हटलं, तिला आत बोलवा, माझ्यासमोर सांगू दे. त्यावर ते म्हणाले, हे काही कोर्ट नाही, आणि पुढच्या उमेदवाराला हाक मारली. तिला जागा मिळाली. मला नाही.

ट्रामच्या थांब्यावर तिने मला कारण सांगितलं. ढाली सगळ्यांकडे असतात, स्वतः काय चालवलंत ते सांगा, असं त्यांनी विचारलं म्हणे, आणि मग तोंडातून निघूनच गेलं गं. निघून गेलं! शिंक होती की काय? तुला काय, पुढच्या वर्षी मिळेलच, असंही म्हणाली. मी एक शब्द बोलले नाही. मी माफ केलं, असंच तिने धरलं.

कारण पुढच्याच रविवारी ती पेढे घेऊन हजर. मी तिचं ताट उपडं घालून ठेवलं होतं. पंगत उठली होती, पण दोघे-तिघे सुपारी कातरत बसले होते. त्यांनी ताट बघितलं आणि बोलायचे थांबले. आता हिला कळेल, आता हिचं तोंड बघायचं. तिने ताट उचललं, सरळ केलं, पदराने पुसलं.

"धूळ बसू नये म्हणून ना? किती जपतेस गं मला," ती म्हणाली, आणि मांडी ठोकून बसली.

आईने माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि बांगड्याचा सगळ्यात मोठा तुकडा तिला वाढला. मी आईला आत ओढून जाब विचारला.

"ताटार बसलेल्या माणसाक उठवूचा नाय," आई म्हणाली. "काय करूचा तां बसायच्या आदी करूचा."

जाताना मी ते ताट तिच्या हातात कोंबलं. म्हटलं, घेऊन जा. आमच्यात याहून स्पष्ट काही नसतं. तर बाईसाहेब गहिवरल्या. भेट दिली असं वाटलं त्यांना.

वर्षभर मी भात वाढला आणि जळत राहिले. खोटं कशाला बोलू, तिचं वाटोळं व्हावं म्हणून देवाला हातसुद्धा जोडले. वर्ष सरल्यावर परत अर्ज केला. चाळीतले लोक म्हणाले, या वेळी दुसरं काहीतरी सांग, एखाद्या महिला मंडळात नाव घाल. मी काही घातलं नाही. तीच चूल सांगितली, एक अक्षर न बदलता. समोर तेच टकले गृहस्थ. ते म्हणाले, ही गोष्ट गेल्या वर्षीही होती.

"हो," मी म्हटलं. "आणि दोन्ही वर्षी माझीच होती."

मग त्यांनी हळूच विचारलं, त्या मुलीचं काय मग? मी म्हटलं, तिचं माझं मी बघून घेईन. मला जागा मिळाली.

संस्थेत दुपारी सगळे एका लांब टेबलावर जेवायचे. पहिल्याच दिवशी बघते तर एका जागेवर आमचं जर्मनचं ताट. मागे चाचपलं, चांदणी होती. शेजारचा मुलगा कौतुकाने सांगायला लागला की हे एका सीनियर मुलीचं ताट, तिच्या खाणावळीतलं, करफ्यूत तिने अख्खी चाळ जगवली होती म्हणे. ती हात धुवायला गेली होती. मी ताट उपडं घातलं.

ती आली. मला बघून हसली आणि ताट सरळ करायला हात पुढे केला. तिचा हात पोचायच्या आत मी उभी राहिले. आमच्याकडे उपड्या ताटाचा अर्थ काय, हे ताट कुणाच्या घरचं, ती चूल कुणाची, सगळं त्या टेबलाला सांगितलं. गिरणीतल्या साच्यांच्या खडखडाटात बोलणाऱ्या माणसांत वाढलेय मी, माझा आवाज पार कोपऱ्यापर्यंत गेला. शेवटी तिच्याकडे वळून म्हटलं, "आता उचल आणि जा."

तिचं ते तोंड मी अजून मन भरून आठवते. तिने ताट काखेत धरलं आणि जिना उतरून गेली, थेट आमच्या जेवणाऱ्यांसारखी. मागून कुणीतरी पुटपुटलं, बिचारीला जेवू तरी द्यायचं होतंस. मी आईचा नियम मोडला नव्हता. ती अजून बसली नव्हती. मी माझा डबा उघडला आणि पोटभर जेवले.