पुढच्याचा हात

बाइंडरच्या दुकानात जुनं पुस्तक घेऊन गेलं की काम व्हायला आठ दिवस लागत, पण प्रवचन मात्र तिथल्या तिथे मिळायचं. दाभणाने पानांना भोकं पाडता पाडता तो म्हणायचा, "श्रद्धा कशाला म्हणतात ठाऊक आहे? लांबच्या रस्त्याला दुसऱ्याच्या मागून सायकल चालवून बघा. आपल्याला रस्ता दिसतच नाही. दिसतं ते फक्त पुढच्याचं मागचं चाक. तो डावा हात खाली करून बोट दाखवतो, म्हणजे डावीकडे खड्डा. उजवा केला, म्हणजे उजवीकडे. आपण गप वळायचं. का, कसा, किती खोल, काही विचारायचं नाही."

ऐकणारा खळ वाळायची वाट बघत मान डोलवायचा. न डोलवून सांगतो कोणाला!

हा पुढचा म्हणजे घड्याळजी. समोरच्या गल्लीत त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. अकरा वर्षं दोघं मिळून सायकली हाणत होते. आठवड्यातून एकदा साठ-सत्तर किलोमीटर, वर्षातून एकदा चांगली पाचशेची फेरी. घड्याळजी पुढे, बाइंडर मागे. बायको गेल्यापासून बाइंडरने देवाशी बोलणं जवळजवळ टाकलं होतं. तेवढं सायकलवर बसलं की पायडलच्या तालावर एक वाक्य मनात चालायचं: तू पुढे आहेस, मला बघायची गरज नाही. आता हे तो देवाला म्हणायचा की घड्याळजीला, हे त्याचं त्यालाही धड सांगता आलं नसतं.

आणि तिसरी वायसर. पिल्लू असताना या कुत्रीने सायकलचं एक वायसर गिळलं, तेव्हापासूनचं हे नाव. तिचा मागचा खुबा एका हातगाडीखाली सापडून कायमचा दुखरा झाला होता. चालायची लंगडत, पण फिरायची हौस दांडगी. बाइंडरने कॅरियरवर फळांचा क्रेट बांधून तिला त्यात बसवलं. हादरा बसला की खुब्यात कळ जायची, म्हणून ती क्रेटबाहेर मान काढून रस्त्यावर डोळे लावून बसायची आणि खड्डा यायच्या आधीच कण्हायची.

"तुझ्या लेकीला खड्डे आधी कळतात, बघितलंस का?" घड्याळजी एकदा हसत म्हणाला होता.

"नाटकी आहे ती. आईवर गेली असणार."

दोन वर्षांपूर्वी घड्याळजी म्हणाला, "वायसरला माझ्याकडे दे. माझ्या हँडलवर पुढे क्रेट बांधू. वारा लागेल तिला." बाइंडरला जरा लागलं. पण कुत्री अशी खुशाल जाऊन बसली, की हा आपला दात-ओठ खात मागून. त्याच सुमारास घड्याळजीने दुकान बंद केलं. म्हणाला, "प्रत्येकाच्या खिशात मोबाईल. घड्याळं दुरुस्त करतो कोण?" फेऱ्यांची वही तोवर घड्याळजी लिहायचा, ती त्याने बाइंडरकडे सरकवली. "तूच लिही. तुझं अक्षर बरं." बाइंडरला वाटलं, चला, म्हाताऱ्याला आपली किंमत कळली.

यंदाच्या मोठ्या फेरीला तीन महिने उरले होते. वायसरच्या पंजात काच गेली, म्हणून तिला वहिनींकडे, म्हणजे घड्याळजीच्या बायकोकडे ठेवून दोघं सरावाला निघाले. उतारावर कोणीतरी पाइपासाठी रस्ता आडवा उकरून अर्धाच बुजवला होता. घड्याळजीचं चाक बुजवलेल्या बाजूने निसटलं. हात काही खाली गेला नाही. बाइंडर सरळ चरात गेला आणि सायकलवरून पुढे उडाला.

गळपट्टीचं हाड मोडलं.

"हात का नाही केलास?" रस्त्यात पडल्या पडल्या त्याने विचारलं.

"डोळ्यावर ऊन आलं रे," घड्याळजी म्हणाला. ऊन तेव्हा पाठीवर होतं. पण मोडक्या हाडाचा माणूस उन्हाची दिशा कुठे बघत बसणार?

दीड महिन्याने हात झोळीतून निघाला, तसा बाइंडर वायसरला आणायला गेला. दार उघडंच होतं. घड्याळजी ओट्यापाशी पाठमोरा उभा राहून चहा गाळत होता. कपात बोट घातलेलं. चहा बोटाला लागला तसा त्याने "स्स" केलं आणि गाळणं थांबवलं. मग दुसरा कप. पुन्हा बोट.

बाइंडर दारातच थिजला.

वहिनी मागून आल्या. "या ना भाऊजी. असे काय उभे?"

"हा बोट घालून का गाळतोय?"

"मग कसं गाळणार? मधलं काही दिसतंय का त्यांना? कडेकडेचं तेवढं दिसतं. दोन वर्षं झाली." त्याच्या तोंडाकडे बघून त्यांचा आवाज उतरला. "तुम्हाला ठाऊक नाही? अहो, तुम्ही पुढे असता म्हणून तर मी सोडते त्यांना!"

घड्याळजी वळला. त्याने नजर बाइंडरच्या जरा डावीकडे रोखली. गेली दोन वर्षं तो असाच बघायचा आणि बाइंडरला वाटायचं, आता हा वयाने चिंतनशील झालाय.

"खड्डे कोण दाखवत होतं मग?" बाइंडरने विचारलं.

कोपऱ्यात वायसर शेपटी आपटत होती, तिच्याकडे घड्याळजीने हात केला. "ती कण्हायची. ज्या बाजूला मान, त्या बाजूला मी हात करायचो."

"दोन वर्षं?"

"कधी चुकली नाही ती."

"अरे, सांगायचं होतंस! मी पुढे झालो असतो."

"मागून चालवायचं तर पुढचं चाक दिसावं लागतं. ते नेमकं मधे असतं, लेका. मला पुढेच राहणं भाग होतं. नाहीतर घरी." "आणि त्या दिवशी वायसर असती, तर काही झालं नसतं."

माफी मागितली असती, तर बाइंडर कदाचित रडला असता. पण हे असलं ऐकल्यावर त्याचं डोकंच फिरलं. "म्हणजे चूक कुत्रीची?" त्याने वायसरला उचलून खांद्यावर टाकलं. दुखऱ्याच खांद्यावर. वहिनींनी तोंडाला पदर लावला होता. त्यांनाही त्याच माणसाने तसंच फसवलं होतं.

मोठ्या फेरीला तो एकटाच निघाला. क्रेट या वेळी आपल्या हँडलवर, पुढे. गावाबाहेर पडल्यावर सवयीने वाक्य सुरू झालं, तू पुढे आहेस, मला बघायची, आणि तिथेच अडकलं. अकरा वर्षं दुकानात लोकांना काय काय शिकवलं, ते आठवून त्याचे कान तापले. त्याने वर बघितलं आणि अगदी तोंडाने, मोठ्याने विचारलं, "तुला तरी नीट दिसतंय ना?"

वायसर कण्हली. मान डावीकडे.

खड्डा त्याला स्वतःला स्वच्छ दिसत होता. तरी डावा हात आपोआप खाली गेला, बोट खड्ड्याकडे. मागे मैलभर रस्ता रिकामा.

वायसरने वळून त्याच्या काखेखालून मागे बघितलं. बराच वेळ.

"पुढे बघ," तो तिच्यावर खेकसला. "नाही आलाय तो."

पुढचा खड्डा आला, तेव्हा त्याने हँडल दोन्ही हातांनी आवळून धरलं. त्यापुढच्याला डावा हात पुन्हा सुटला.